धूर गेला, शाकारणी गेली, आता घर कशावर उभं राहणार? राजापूर तालुक्यातल्या एका कौलारू घराचं प्रकरण

घर राजापूर तालुक्याच्या दक्षिण टोकाला, विजयदुर्ग खाडीच्या उत्तर अंगाला आहे. समुद्र सरळ रेषेत दोनेक किलोमीटर. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, मधोमध माजघर, पुढे ओटी आणि पडवी, मागे स्वयंपाकघर, न्हाणीघर. भिंतींसकट घर ४० बाय ३० फूट, चारी बाजूंच्या तीन फुटी वळचणी धरून छप्पर ४६ बाय ३६. असेसमेंटच्या उताऱ्यावर चार चुलतभावांची नावं. तिघे मुंबईत, एक राजापुरात. गणपती, शिमगा आणि मे महिन्यातले काही दिवस सोडले तर घराला कुलूप.

मागणी चौघांची चार तऱ्हेची होती. एकाला स्लॅब हवा होता. एकाला जुन्या कौलांवरच लोखंडी कैच्या (छपराचे त्रिकोणी सांगाडे) उभारून रंगीत पत्रा घालायचा होता, जसा आता निम्म्या वाडीत दिसतो. तिसऱ्याला घर ‘होतं तसं’ हवं होतं. राजापुरातल्या भावाचं म्हणणं एवढंच, की वरचेवर येऊन बादल्या मांडायची पाळी यायला नको. रत्नागिरीत ऑफिस असलेल्या आर्किटेक्टबाईंकडे हे काम आलं ते असं. चौघांची लेखी संमती हातात येईपर्यंत त्यांनी मोजमापापलीकडे कशालाही हात लावला नाही. सामाईक घराच्या कामात हीच पहिली पायरी. एक सहहिस्सेदार नाराज राहिला तर छप्पर उघडं पडलेलं असताना काम बंद पडतं, आणि कोकणात जूनला थांबवता येत नाही.

हे प्रकरण सविस्तर मांडण्याचं कारण असं, की ‘कोकणी ओळख जपणारं आधुनिक काम’ म्हटलं की बहुतेक नकाशांत उघडा चिरा, पुढे दोन लाकडी खांब, एक झोपाळा आणि काँक्रीटच्या उतरत्या स्लॅबवर चिकटवलेली कौलं एवढंच येतं. घराचा चेहरा उचलला जातो. ते घर ज्या कामांवर उभं होतं ती कामं कुणी मोजत नाही. या घरात आर्किटेक्टबाईंनी आधी ती मोजली, आणि बाकीचे सगळे निर्णय त्यातून निघाले.

वासे काय सांगत होते

दर दोन फुटांना एक असे दोन्ही उतारांवर मिळून ४८ वासे. सुताराने एकेक वासा हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहिला आणि जिथे आवाज बसका आला तिथे पेचकस टोचला. मागच्या बाजूचे, जुन्या चुलीच्या डोक्यावरचे वासे काजळीने काळे झालेले, पण टणक. पेचकस पाव इंचही आत जाईना. ओटीवरचे वासे दिसायला स्वच्छ, तेल लावल्यासारखे, आणि आतून वाळवीने पोखरलेले. लाकूड दोन्हीकडे किंजळीचंच, वय एकच, पाऊसही तोच.

फरक धुराचा. चूल रोज पेटत होती तेव्हा धूर माळ्यावरून कौलांच्या फटींतून बाहेर पडायचा. जाताना लाकूड सुकवायचा आणि किड्याला दूर ठेवायचा. चुलीजवळच्या वाशांवर काजळीचा थर जाड बसला, तो गॅस आल्यावरही कामी आला. ओटीपर्यंत धूर मुळातच विरळ पोचायचा. तिथलं लाकूड घरात माणसं होती, दारं दिवसभर उघडी होती, वारा खेळत होता म्हणून टिकलं. घराला कुलूप लागलं तशी पावसाळ्यातली चार महिन्यांची दमट हवा आत कोंडली गेली आणि वाळवीला मोकळं रान मिळालं.

कौलांचंही तसंच. मंगलोरी कौल पाणी पूर्ण अडवत नाही. ते पाणी खालच्या कौलावर सोपवतं. एक कौल सरकलं किंवा तडकलं की ती साखळी तुटते. म्हणून दर वर्षी पावसाआधी शाकारणी व्हायची. फुटकी कौलं बदलायची, सरकलेली बसवायची, कोन्यांच्या (आढ्यावरच्या टोपीच्या कौलांच्या) भेगा भरायच्या, पालापाचोळा काढायचा. घरातलीच दोन माणसं आणि वाडीतला एखादा हे काम उरकायची. आता छपरावर चढणारं माणूस मिळत नाही, आणि माकडं मात्र वर्षभर असतात. पत्रा घालायचं खरं कारण बहुतेक घरांत हेच आहे. त्याला आधुनिकतेची हौस म्हणणं अन्यायाचं होईल.

जमीन सारवणं, भिंतीला चुना काढणं, पन्हळी साफ करणं, गडग्याचे (दगडी कुंपणाचे) ढासळलेले चिरे परत रचणं हे सगळं याच यादीत येतं. आर्किटेक्टबाईंनी दोन रकान्यांचा तक्ता केला. डावीकडे घर जी कामं गृहीत धरून बांधलं होतं ती, आणि उजवीकडे ती आज कोण करणार ते. उजवा रकाना जवळजवळ कोरा राहिला. चौघा भावांच्या बैठकीत त्यांनी नकाशाआधी हा तक्ता ठेवला. स्लॅब की कौल हा वाद तिथेच पुष्कळ निवळला, कारण प्रश्न दिसण्याचा नव्हता हे सगळ्यांच्या लक्षात आलं.

छप्पर

पत्र्याचा पर्याय त्यांनी नाकारला, पण कारणं देऊन. कौलांवर पत्रा घातला की कैच्यांचे खांब जुन्या भिंतींत किंवा जोत्याला लागून उभे राहतात, खाऱ्या वाऱ्यात लोखंडाचे सांधे आधी गंजतात, आणि वादळात पत्र्याच्या खाली शिरलेला वारा अख्खी चौकट उचलतो. निसर्ग वादळाने ३ जून २०२० ला रायगड आणि उत्तर रत्नागिरीत असे उडालेले पत्रे ढिगाने दाखवले. पुढल्या वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला समांतर वर गेलं, तेव्हा दक्षिण कोकणानेही ते पाहिलं. शिवाय पत्र्याच्या खाली कौलं राहिली तरी ती कुणी पाहत नाही, आणि मधल्या पोकळीत उंदीर आणि वटवाघळं संसार मांडतात.

उतरत्या स्लॅबवर कौलं हा दुसरा पर्याय. चिऱ्याच्या जुन्या भिंतींवर एवढं वजन टाकायचं तर आत काँक्रीटचे खांब घ्यावे लागणार, म्हणजे घर पाडून त्याच्या कातडीत दुसरं घर उभं करणं. तेही बाद झालं.

जुन्या वाशांवर मंगलोरी कौलांखाली सपाट छताची कौलं घालायची, ही कोकणात आणि गोव्यात जुनी पद्धत. दिसायला ती सर्वांत सुंदर. पण वजन बघा. मंगलोरी कौल एक अडीच किलोच्या आसपास, चौरस मीटरला साधारण पंधरा लागतात, म्हणजे ३७-३८ किलो, आणि भिजल्यावर त्याहून जास्त. त्यात खालच्या कौलांची भर पडली तर दोन फुटांवरचे वासे पुरत नाहीत. मधे आणखी वासे घालायचे तर लाकूड दीडपट लागतं.

श्रीलंकेत आर्किटेक्ट जेफ्री बावा यांनी हा प्रश्न पन्हळी सिमेंटच्या पत्र्यांवर अर्धगोल कौलं बसवून सोडवला होता. पाणी अडवायचं काम पत्र्याचं, उन्हापासून सावलीचं आणि रूपाचं काम कौलाचं. विचार तोच घ्यायचा, फक्त वजन आणखी कमी करायचं, असं इथे ठरलं. वाशांवर खालून वर श्वास घेणारा पाणीरोधक कागद ताणायचा. त्यावर प्रत्येक वाशाच्या माथ्यावर एक इंच जाडीची उभी रीप (लाकडी पट्टी) ठोकायची. तिच्यावर आडव्या रिपा आणि मग कौलं. कौल फुटलं तरी पाणी कागदावरून उभ्या रिपांच्या मधल्या पोकळीतून वळचणीपर्यंत येतं आणि बाहेर पडतं. त्याच पोकळीतून हवाही फिरते. फुटलेलं कौल दुसऱ्या दिवशी बदललंच पाहिजे अशी घाई राहत नाही. ते गणपतीला आल्यावर किंवा एप्रिलमध्ये बदलता येतं. शाकारणी वर्षातून एकदाच, आणि तीही खंड पडला तर घर सोसेल इतकी, हे यातून साधलं.

या पद्धतीत चुका होतात त्या नेहमीच्याच. पहिली, उभी रीप गाळणे. गवंडी किंवा सुतार म्हणतो की आडवी रीप सरळ कागदावर ठोकू, लाकूड वाचेल. मग प्रत्येक आडवी रीप छोटा बांध होते, पाणी तिच्यामागे तुंबतं आणि खिळ्याच्या भोकातून आत उतरतं. दुसरी, कागदाचं शेवटचं टोक वळचणीच्या फळीच्या आत दुमडणे. ते फळीच्या बाहेर आणि खाली लोंबलं पाहिजे, नाहीतर अख्ख्या छपराचं पाणी फळीतच मुरतं. तिसरी, कागद घालून कौलं यायची वाट बघणे. ऊन खाऊन कागद काही आठवड्यांत कमकुवत होतो. इथे एका बाजूला कागद आणि चार दिवसांत त्याच बाजूची कौलं, मग दुसरी बाजू, असा क्रम ठेवला. कागदाचा जोड सहा इंचांचा, वरचा पदर नेहमी खालच्या पदरावर.

कौलं किती? छपराची आडवी व्याप्ती १,६५६ चौरस फूट. उतार ३० अंशांचा, म्हणून प्रत्यक्ष पृष्ठभाग १,९१२ चौरस फूट, म्हणजे १७८ चौरस मीटर. पंधराच्या हिशेबाने २,६७०. जुनी उतरवून बोटाने वाजवून पाहिली, खणखणीत निघाली ती बाजूला ठेवली. तुटफूट आणि पुढच्या वर्षांचा साठा धरून एकूण ३,००० ची सोय केली. साठ्याची ३०० कौलं मागच्या पडवीत उभी रचून ठेवली आहेत. हा साठा फार महत्त्वाचा. कारखान्यागणिक कौलाची खाच थोडी वेगळी असते, आणि दहा वर्षांनी त्याच मापाचं कौल मिळेलच असं नाही. त्याच कारणाने रिपांचं अंतरही पुस्तकातून घेतलं नाही. दहा कौलं जमिनीवर एकमेकांत अडकवून आधी पूर्ण ताणून आणि मग पूर्ण दाबून मोजली, दोन्ही मापांची सरासरी काढली आणि नवाने भागली. आलं तेवढं अंतर. ताणलेल्या मापावर रिपा ठोकल्या तर कौलं सुटतात, दाबलेल्या मापावर ठोकल्या तर शेवटची ओळ बसतच नाही.

वादळासाठी वळचणीच्या दोन्ही ओळी, दोन्ही टोकांचे उभे पट्टे आणि कोन्यांलगतची ओळ यांतलं प्रत्येक कौल स्टेनलेस तारेने रिपेला बांधलं. मधल्या भागात दर तिसऱ्या ओळीत. गॅल्व्हनाइज्ड तार इतक्या जवळच्या खाऱ्या हवेत फार वर्षं टिकत नाही. कौलाला तारेचं भोक आधीच असतं, कुणी वापरत नाही इतकंच.

वाशांपैकी सतरा पूर्ण बदलले. नऊंची फक्त भिंतीत रुतलेली टोकं कुजली होती. ती कापून नवीन तुकडा तिरक्या सांध्याने जोडला, सांध्याची लांबी अठरा इंच आणि आरपार दोन स्टेनलेस बोल्ट. टोक पुन्हा चिऱ्यात पुरलं नाही. भिंतीच्या डोक्यावरच्या भालावर (आडव्या तुळईवर) मोकळं टेकवलं, चारी बाजूंनी हवा लागेल असं. आतल्या कोरड्या लाकडाला बोरॅक्स आणि बोरिक आम्लाचं पाणी दोन हात दिलं. हे मीठ पावसात धुऊन जातं, म्हणून वळचणीच्या उघड्या टोकांना त्याऐवजी काजूच्या टरफलाचं तेल, जे इथे होड्यांना लावतातच. भाल आणि वासे यांच्या मधल्या फटी पूर्वी मोकळ्याच असायच्या. त्या तशाच ठेवून बारीक स्टेनलेस जाळी लावली आणि आढ्याजवळ दोन्ही उतारांवर हवेची कौलं घातली. धुराने जे केलं ते आता वारा करील, अशी ही मांडणी. धुराइतकी ती समर्थ नाही हेही आर्किटेक्टबाईंनी भावांना सांगितलं, म्हणून दर तीन वर्षांनी लाकडाला पुन्हा हात द्यायचा आहे.

भिंती, आणि उघड्या चिऱ्याचा मोह

जांभा सच्छिद्र. खाणीतून निघाला की मऊ, हवा लागली की कडक होत जातो. इकडचा चिरा १४ बाय ९ बाय ७ इंचांचा, तीसेक किलोचा. भारतीय मानकानुसार बांधकामाच्या जांभ्याची दाबताकद किमान ३.५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर हवी, पाणीशोषण १२ टक्क्यांवर नको. प्रत्यक्षात खाणीवर बघायचं ते एवढंच: चिऱ्यात पांढऱ्या शेडीचे (मऊ मातीचे) कप्पे किती आहेत. शेडी पावसात वाहून जाते आणि भोकं उरतात. असा चिरा आतल्या भिंतीला चालेल, पश्चिमेला नाही.

या घराच्या भिंतींना कधीतरी खालून चार फूट सिमेंटचा गिलावा केला होता, ओल थांबावी म्हणून. ओल सहा फुटांवर गेली. जमिनीतून चढणारं पाणी पूर्वी चुन्याच्या दर्जांतून (चिऱ्यांमधल्या सांध्यांतून) आणि चिऱ्यातून वाळून जायचं. सिमेंटने बाहेर पडायची वाट बंद केली, म्हणून ते आणखी वर चढलं आणि गिलावा संपतो तिथे क्षार सोडू लागलं. तिथेच पोपडे, तिथेच काळपट पट्टा. सगळं सिमेंट छिन्नीने उतरवलं, ग्राइंडर न लावता, कारण ग्राइंडरने चिऱ्याची कडक झालेली कातडीही जाते. मग भिंत एक अख्खा उन्हाळा उघडी वाळू दिली. भावांना हा उशीर पटत नव्हता. पण आतून ओल मुरलेल्या भिंतीवर चुनाही धरत नाही.

नव्या दर्जा चुन्याच्या. भिजवून मुरवलेला चुना एक भाग, धुतलेली चाळलेली वाळू अडीच भाग. जुनी दर्ज एक इंच खोल खरवडायची, पाण्याने भिजवायची, भरायची आणि आठवडाभर ओल्या गोणपाटाखाली ठेवायची. खाडीची वाळू मुळीच नाही, तिच्यातलं मीठ भिंतीत बसलं की जन्मभर ओल ओढतं.

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. पहिल्या नकाशात आर्किटेक्टबाईंनी बाहेरची पश्चिम भिंत उघड्या चिऱ्याची दाखवली होती. चौघा भावांनाही ती आवडली होती, कारण रिसॉर्टांमध्ये तशी दिसते. सिमेंट उतरवताना खिडकीच्या चौकटीमागे जुन्या चुन्याच्या गिलाव्याचा आणि त्यावरच्या सफेदीच्या थरांचा हातभर तुकडा सापडला. म्हणजे ही भिंत मुळात झाकलेलीच होती. चिरा उघडा असायचा तो जोत्याला, गोठ्याला, गडग्याला. पश्चिमेच्या मारावर उघड्या चिऱ्याला शेवाळ धरतं, आणि ते दिसू नये म्हणून आज जो चकचकीत लेप मारतात तो दोन पावसाळ्यांत सोलून निघतो, ओल मात्र आत कोंडतो. नकाशा बदलला आणि पश्चिम भिंत तीन थरांच्या चुन्याच्या गिलाव्यात गेली. पर्यटकाच्या नजरेने पाहिलं तर घर यामुळे कमी ‘कोकणी’ दिसतं. ते बरोबर आहे आणि तसंच राहू दिलं हा या कामातला सगळ्यांत धाडसी निर्णय आहे, असं आमचं मत.

पणजीत मांडवीच्या काठी आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया यांनी कला अकादमी बांधली, तेव्हा तिच्या डोक्यावर कौलारू छप्पर ठेवून तिला गोव्याची केलं नाही. इमारत बुटकी आणि पसरट ठेवली, रस्त्याकडून सावलीतून चालत थेट नदीपर्यंत जाता येईल अशी वाट आतून काढली. माणसं कुठे थांबतात, कुठे बसतात, वारा कुठून येतो, यातून तिचं तिथलं असणं ठरतं. या घराचे उंबरे आणि पायऱ्या वाचताना तीच नजर लागते.

खळं, पालखी आणि माटवी

खळ्यातून (पुढच्या अंगणातून) पडवीत दोन पायऱ्या, पडवीतून ओटीवर एक, ओटीवरून माजघरात उंबरठा. या चढत्या पातळ्या पाण्यासाठी आहेत तशाच माणसांसाठीही होत्या. कोण खळ्यात थांबणार, कोण पडवीपर्यंत येणार, कोण ओटीवर बसणार, हे जातीने ठरायचं आणि पायऱ्या ते पाळायला लावायच्या. बायकांचा वावर मागच्या दाराने, बाळंतिणीची खोली बिनखिडकीची. वारसा जपायचा म्हणून हे सगळं जपायचं काही कारण नाही. बाळंतिणीच्या खोलीला पूर्वेकडे खिडकी आणि छपरात दोन काचेची कौलं बसवली, ती आता झोपायची खोली आहे. स्वयंपाकघराचं दार ओटीच्या रेषेत आणलं. पडवीच्या एका टोकाला पायऱ्यांना लागून एकास बारा उताराची फरसबंदी केली, म्हणजे चाकाच्या खुर्चीवरची आजीही पुढूनच पडवीत येते.

पातळ्या मात्र काढल्या नाहीत. शिमग्यात पालखी घरी येते, खळ्यात नाचवली जाते, मग ओटीवर बसते आणि घरची बाई ओटी भरते. पालखीच्या दांड्यासकट लांबी आणि चौघा भोयांचं वळण यासाठी पडवीच्या दोन खांबांमध्ये सात फूट मोकळे हवेत. पहिल्या आराखड्यात तिथे मधोमध झोपाळ्यासाठी खांब आला होता. राजापुरातल्या भावाने तो दाखवून दिला आणि झोपाळा माजघराच्या बाजूला गेला. खळ्यात पेव्हर ब्लॉक घालायचं घाटत होतं, तेही थांबलं. गणपतीत जाखडीवाले तिथे नाचतात. चोपून केलेली मातीची जमीन पायाला आणि पावसाला दोन्हीला सोसते. तिचा उतार घरापासून लांब, दहा फुटांना दोन इंच.

गणपती माजघरात बसतो आणि त्याच्या डोक्यावर माटवी टांगली जाते. नारळ, सुपारीचे घड, काकड्या, कवंडळं, आंब्याचे टाळे असं सगळं बांधल्यावर तिचं वजन सहज तीस-चाळीस किलो भरतं. पूर्वी ती सरळ तुळयांना बांधायचे. स्लॅबच्या घरात गेलेली मंडळी आज तिच्यासाठी पंख्याच्या हुकावर अवलंबून असतात. इथे तुळया राहिल्या, पण वाळवीने एक आतून पोकळ केलेली. ती बदलताना चार कायमच्या कड्या आरपार बोल्टने बसवल्या, साडेतीन बाय अडीच फुटांच्या चौकोनात. जुन्या माटवीचं माप आधी घेतलं होतं. गणपतीमागची भिंत दर वर्षी चुना काढून नव्याने रंगवतात, म्हणून ती एकच भिंत आतून शुद्ध चुन्याची ठेवली. तिला डिस्टेंपर लावला असता तर पुढच्या भाद्रपदात चुना धरलाच नसता.

सारवणाची जमीन ठेवता आली नाही. आठवड्याला सारवायला माणूस नाही हे तक्त्यात लिहिलेलंच होतं. माजघर आणि ओटीला लाल कोबा केला, चार बाय चार फुटांच्या चौकटीत, मधे काचेच्या पट्ट्या, सात दिवस पाणी साठवून. त्याहून मोठी चौकट घेतली की कोबा तडकतो.

नवी जोड, आणि पहिल्या पावसात काय झालं

आत संडास-बाथरूम हवे होते, याबद्दल चौघांत वाद नव्हता. ते जुन्या घरात कोंबले नाहीत आणि काटकोनात जोडलेही नाहीत. काटकोनी जोड दिली की दोन उतार आत मिळून खोल पन्हळ तयार होते, आणि कौलारू घर गळतं ते बहुतेक तिथेच. या छपरावर एका पावसाळ्यात, तीन मीटर पाऊस धरला, तर साडेचार लाख लिटरच्या वर पाणी पडतं. त्यातलं निम्मं मागच्या उतारावरून येतं. ते एका खाचेत गोळा करायचं धाडस कुणी करू नये. म्हणून १४ बाय १८ फुटांची वेगळी खोली मागे, स्वतःचं छप्पर घेऊन उभी राहिली, आणि मधे साडेचार फूट रुंदीची झाकलेली वाट, एकाच पातळीवर. वाटेचं छप्पर जुन्या वळचणीच्या नऊ इंच खालून जातं. वळचणीला सहा इंची अर्धगोल पन्हळ आणि दोन्ही टोकांना चार इंची पाइप. पुढच्या बाजूला पन्हळ लावली नाही. तिथे पागोळ्या पडतात त्या रेषेत चिऱ्यांची नाली आहे.

शोषखड्डा उताराच्या खालच्या बाजूला, विहिरीपासून साठ फुटांहून लांब. जांभ्याच्या भेगांतून पाणी फार लवकर प्रवास करतं, इथे अंतर आणि उतार दोन्ही लागतात. पाण्याची टाकी जुन्या भिंतीवर ठेवायला परवानगी दिली नाही. तिला वेगळा काँक्रीटचा ओटा, एम ३० मिश्रण, सळईवर ४५ मिलिमीटर आवरण. इकडे सर्रास २० मिलिमीटर ठेवतात, म्हणून पंधरा-वीस वर्षांत सळया फुगून तुकडे पडतात. भावांना स्लॅब नको म्हणताना हाच मुद्दा सगळ्यांत उपयोगी पडला, कारण शेजारच्या घराचा संडास तसाच उकलला होता.

काम नवरात्रानंतर सुरू झालं, छप्पर मार्गशीर्षात उतरलं आणि शिमग्याआधी पुरं झाकलं. पहिल्या पावसात मुख्य छप्पर गळलं नाही. गळलं ते वाटेचं छप्पर, नव्या खोलीच्या भिंतीला टेकतं तिथे. गवंड्याने तिथे फक्त सिमेंटची गोलाई केली होती. चिरा स्वतःच पाणी पितो, त्यामुळे पाणी गोलाईच्या वरून भिंतीत शिरलं आणि तिच्या मागून खाली आलं. उपाय म्हणजे भिंतीत कौलांच्या वर सहा इंचांवर एक इंच खोल खाच कापून अ‍ॅल्युमिनियमची पट्टी आत बसवली, खाली दुमडून कौलांवर आणली, आणि पट्टीच्या वरची भिंत चुन्याने गिलावली. नकाशात ही पट्टी होती. साइटवर ती गाळली गेली आणि त्या आठवड्यात देखरेखीला कुणी नव्हतं. असं काम कोकणात आर्किटेक्टच्या नकाशावर जितकं, तितकंच साइटवर रोज उभ्या राहणाऱ्या माणसावर अवलंबून असतं, आणि त्याचा पगार अंदाजपत्रकात सुरुवातीलाच धरायला हवा.

दुसरी अडचण पन्हळीची. फणसाची पानं आडवी बसून पाणी भिंतीवर उसळलं. जाळी लावली तर जाळीवरच पानं साचतात. शेवटी छपरापासून दहा फुटांतल्या फांद्या उतरवल्या. माकडांची उडी त्याने थोडी लांबली, हा जोडफायदा.

एक भाग अजून सुटलेला नाही. उत्तरेकडची पडवी वाटणीत ज्या भावाकडे आहे त्याला तिथे पुढेमागे दोन खोल्या वाढवायच्या आहेत, आणि त्याला वर गच्ची हवी. आर्किटेक्टबाईंनी नकार दिला नाही. लेखी अटी दिल्या आहेत: नवं बांधकाम जुन्या भिंतीपासून चार फूट सुटं, स्वतःच्या पायावर, गच्चीची उंची जुन्या वळचणीच्या खाली, गच्चीचं पाणी खळ्याकडे नाही तर उत्तरेच्या नालीत, आणि सळईवर आवरण ४५ मिलिमीटर. या पाच गोष्टी पाळल्या तर तिथे स्लॅब यायला हरकत नाही. पहिली मोडली तर उत्तरेची भिंत पुन्हा ओल धरेल आणि जोडावर पन्हळ तयार होईल, म्हणून त्या एका अटीवर चौघांच्या सह्या आत्ताच घेऊन ठेवल्या आहेत.